नणंदेकडचा कूलर

“बाप्पा! किती खडखडते हा! हवा देऊन राहिला का भांडून राहिला, तेच समजत नाही.”

गोपिकाबाई हे म्हणाल्या तेव्हा त्यांचं नाक माझ्या झडपांपासून वीतभर अंतरावर होतं. नरखेडकडच्या आपल्या गावाहून एसटीनं त्या नुकत्याच आल्या होत्या, आणि आल्या आल्या पदर सैल करून माझ्यापुढे बसल्या होत्या. माणसांचं असंच असतं. हवा पूर्ण पाहिजे, आवाज मात्र शेजाऱ्याच्या घरी गेला पाहिजे.

“मोटर जुनी आहे, आई,” स्वयंपाकघरातून त्यांची सून दामिनी म्हणाली.

“मंग नवा घ्याचा होता. हा कुठून उचलून आणला अमोलनं?”

आत पोळी लाटण्याचा आवाज थांबला. आपल्या लेकानं मला कुठून आणलं, हे गोपिकाबाईंना चांगलं माहीत होतं. जीभ पुढे धावली आणि डोकं मागून पोचलं. मग त्या घाईघाईनं म्हणाल्या, “यंदा ऊन बहुत आहे वं वाडीत. गावाकडं निदान संत्र्याच्या झाडाखाली बसता तरी येते.”

लाटणं पुन्हा सुरू झालं.

मी कुठून आलो, हे या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणीच बोलत नाही. आता कोणीतरी बोलायलाच हवं, म्हणून मीच सांगतो.

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. नागपूरच्या मुलांना कूलर काय ते सांगावं लागत नाही, पण बाहेरगावच्या मुलांसाठी थोडक्यात सांगतो. पत्र्याची मोठी पेटी, तिला तीन बाजूंनी वाळ्याच्या ताट्या, पोटात पाणी, ते पाणी वर चढवून ताट्यांवर सोडणारा छोटा पंप, आणि पुढे पंखा. बाहेरची भाजणारी हवा मी ओल्या ताट्यांतून आत ओढतो आणि गार करून खोलीत सोडतो. एसीसारखे माझे नखरे नाहीत. मला एक खिडकी लागते, रोज पाणी लागतं आणि दर उन्हाळ्याला नव्या ताट्या लागतात. होळी झाली की ताट्या बदलणारे मिस्त्री गल्लोगल्ली फिरू लागतात. त्या दिवसांत आमच्याकडे माणसं एकमेकांना “कसे आहात” असं विचारत नाहीत. “कूलर लागला का” असं विचारतात.

माझा जन्म रस्त्याच्या कडेला टिनाच्या एका आडोशाखाली झाला. कोऱ्या पत्र्याला तिथे वाकवलं, ठोकलं, भोकं पाडली आणि वरून आकाशी रंग मारला. मला तो रंग फार शोभत होता. शेजारी माझे पुष्कळ भाऊ उभे होते, पण अमोल आला आणि त्यानं मलाच निवडलं. अमोल नागपूरला लागून असलेल्या वाडी गावातल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोडावूनमध्ये मालाच्या चढउतारीवर देखरेख करतो. त्यानं माझ्या पत्र्यावर टिचक्या मारून पाहिल्या, पंखा लावून कान दिला, आणि दुकानदाराला म्हणाला, “ताट्या असली वाळ्याच्या पाहिजे बरं. गवत भरून नको देऊ, भाऊ.” इतक्या काळजीनं घेणारा माणूस पाहून मला वाटलं, कोणीतरी घरी आपली फार वाट पाहत असणार.

वाट पाहणारं कोणीतरी होतं, पण ते घर त्याचं नव्हतं.

टेम्पोतून मला दत्तवाडीतल्या एका भाड्याच्या खोलीवर नेलं. तिथे पुष्पलता राहत होती. ती त्याच गोडावूनमध्ये बिल्ट्या बनवायची, म्हणजे कोणत्या ट्रकमधून कोणाचा माल गेला त्याचे कागद. गोंदियाकडची, एकटी, चटकन हसणारी. मित्रांनो, तुम्ही लहान असलात तरी एवढं तुम्हालाही कळतं, की अमोलचं लग्न झालेलं होतं. बायको दामिनी आणि मुलगी नूपुर वाडीतच, अगदी जवळ राहत होत्या, आणि त्यांच्या खिडकीत एक म्हातारा कूलर बुडातून गळत कसाबसा फिरत होता. पुष्पलताला मात्र त्यानं सांगितलं होतं, की बायको गावाकडे असते, आमचं जमत नाही, नुसता कागद उरला आहे. तिनं विश्वास ठेवला. भर उन्हात कोणी दारात गार हवा आणून ठेवली, तर त्याचं बोलणं खोटं कशाला वाटेल?

प्रेमात पडलेली माणसं काय काय देतात. कोणी फुलं देतं, कोणी पैंजण देतं. नागपुरात कोणी कोणाला कूलर लावून दिला, की समजावं, प्रकरण साधं नाही.

पुष्पलतानं पहिल्याच दिवशी तेलात शेंदूर कालवून माझ्या अंगावर बोटानं स्वस्तिक काढलं. हिवाळ्यात जुन्या साडीचा झगा शिवून मला घातला. पाणी भरताना ती माझ्याशी बोलायची, “आज बहुत थकला का रे?” वगैरे. तेवढं कौतुक मला पुढे कधी मिळालं नाही. ती वाईट असती तर मला गोष्ट सांगायला सोपं गेलं असतं. पण ती नव्हती.

दोन उन्हाळे असे गेले. मग पुन्हा होळी आली आणि ताट्या बदलायला नत्थू मिस्त्री आला.

अमोलची चूक इथे झाली. एखादी गोष्ट लपवायची, तर माणसानं मिस्त्री तरी वेगळा पाहावा. पण नत्थूसारखी घट्ट ताटी बांधणारा आसपास दुसरा नाही, आणि आमच्याकडची माणसं एक वेळ डॉक्टर बदलतील, कूलरवाला बदलत नाहीत. दोन्ही घरांचं काम अमोलनं नत्थूलाच दिलं होतं. “ती माह्या बहिणीची खोली आहे,” असं सांगून ठेवलं होतं, आणि आपण फार हुशारी केली असं त्याला वाटत होतं.

नत्थूनं माझी एक बाजू उघडली आणि घाम पुसत म्हणाला, “ताई, तुमचं लवकर आटपतो. मंग तुमच्या भावाच्या घरी जाचं आहे. वहिनीचा सकाळपासून फोन येऊन राहिला.”

“कोणत्या भावाच्या?” पुष्पलतानं विचारलं. ती त्याच्यासाठी पाणी घेऊन आली होती.

“अमोलदादाच्या, आणखी कोणाच्या? त्याइचा कूलर तर बुडातून गेला. वहिनी बिचारी त्याले दर आठवड्याले डांबर लावते.”

“वहिनी इथं राहते?”

“मंग कुठं राहीन? पोट्टीची शाळा इथंच आहे ना.”

पुष्पलतानं पाण्याचा पेला खाली ठेवला. तो नत्थूला द्यायचा होता, हे ती विसरली. “आज राहू द्या काम,” ती म्हणाली. “मले बरं नाही वाटून राहिलं.”

नत्थू तिथून सरळ दामिनीकडे गेला. तिथलं मी पाहिलं नाही, पुढे ऐकलं. तो दारातूनच म्हणाला, “वहिनी, तुमच्या नणंदेकडं अर्धंच काम झालं. त्याइची तब्येत बिघडली वाटते.”

“कोणती नणंद?” दामिनी म्हणाली. “याइले तर बहीणच नाही.”

नत्थूच्या मनात काही नव्हतं. त्याला फक्त दुपार चढायच्या आत दोन्ही कूलर उरकायचे होते.

संध्याकाळी अमोल खोलीवर आला तेव्हा मी दाराबाहेर होतो, एका बाजूनं उघडा. पुष्पलता आत उभी होती. “तुझा कूलर घेऊन जा,” एवढंच ती म्हणाली आणि तिनं कडी लावली. पुढे ती गोंदियाकडे परत गेली, असं कानावर आलं. मला तिची आठवण येते. पण या घरात राहून मी ते कोणत्या तोंडानं बोलू?

अमोलनं मला गोडावूनमध्ये नेऊन पोत्यांच्या मागे उभं केलं. मित्रांनो, कामाच्या वस्तूला पडून राहण्यासारखी शिक्षा नाही. माझ्या पोटात उंदरांनी संसार थाटला. साडीचा झगा कोणीतरी फाडून ट्रकची काच पुसायला नेला. पावसाळ्यात बुडाशी गंज धरला. येणारा जाणारा मला टेकून बिडी ओढायचा.

इकडे दामिनी नूपुरला घेऊन रामटेकला माहेरी गेली. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागत होत्या, त्यामुळे कोणाला काही सांगावं लागलं नाही. सुट्ट्या संपल्यावर मात्र प्रश्न आला. मग नरखेडकडे बैठक बसली. अमोलचे वडील चंपतराव, दोन काका, रामटेकहून दामिनीला घेऊन आलेले तिचे वडील. अमोल खाली मान घालून, बापाच्या पायांकडे पाहत म्हणाला, “चुकी झाली.” चंपतरावांनी घसा साफ केला आणि सांगितलं, “झालं ते झालं. आता या घरात तो विषय पुन्हा निघाला नाही पाहिजे.” सगळ्यांना हायसं वाटलं. पोहे आले, चहा आला.

तो चहा दामिनीनं केला होता. ती आत चुलीपाशी होती. तिला बाहेर कोणी बोलावलं नाही आणि काही विचारलंही नाही. आपण नवऱ्याला माफ केलं, ही बातमी तिला नंतर गावातल्या बायकांकडून कळली.

हे सगळं मला कसं माहीत? अहो, लोक कूलरपुढे बसतात आणि समजतात, याच्या खडखडाटात आपलं बोलणं विरून जातं. दूर बसलेल्याला ते ऐकू येत नाही, हे खरं. पण माझ्या पोटात ते सरळ येतं. गोपिकाबाईंनी घरमालकीण अंजनाबाईंना ही बैठक माझ्यापुढे बसूनच पोह्यांसकट सांगितली.

पण मी या घरात आलो कसा, ते राहिलंच.

वर्ष गेलं. होळी झाली आणि दामिनीच्या कूलरचं बूड एके दिवशी पूर्ण निसटलं. खोलीभर पाणी झालं. दुसऱ्या दिवशी अमोलनं मला गोडावूनमधून काढलं, झटकलं आणि घरी आणून खिडकीबाहेरच्या लोखंडी घोडीवर चढवलं. हे त्यानं का केलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दुष्टपणा नव्हता. तो शेतकऱ्याचा मुलगा आहे. चालती वस्तू पडून राहिलेली त्याला बघवत नाही. “चांगला आहे, पडून आहे” इथपर्यंतच त्याचा विचार गेला. पुढचा विचार आला असेल तर त्यानं तो येऊ दिला नाही.

“गोडावूनमध्ये पडला होता. सेकंडहँड आहे,” त्यानं दामिनीला सांगितलं. यात खोटं काहीच नव्हतं, हीच त्यातली वाईट गोष्ट.

ताट्या बदलायला नत्थूच आला. त्यानं मला पाहिलं आणि म्हणाला, “अरे, हा तर...”

“हा तर काय?” दामिनी म्हणाली.

“हा तर... चांगला आहे, वहिनी. मजबूत आहे.” आणि नत्थू जिथे खिळ्याची गरज नव्हती तिथे खिळे ठोकू लागला.

दामिनी बाहेर आली. चालत माझ्या दुसऱ्या बाजूला गेली. तिथे धुळीखाली शेंदराचं स्वस्तिक होतं, बाईच्या बोटानं काढलेलं. ती बघत राहिली. हात लावला नाही. मग आत गेली आणि नत्थूसाठी चहा टाकला, साखर नेहमीसारखी. मागच्या वर्षी नत्थू बोलला आणि दोन घरं हलली. यंदा तो गप्प बसला, तरी एक हललंच.

त्या दिवसापासून दामिनी माझ्यात पाणी भरत राहिली, पण माझ्या हवेत बसली नाही. तिचं ब्लाउज शिवायचं काम आहे. मशीन आधी माझ्यासमोर होतं, ते तिनं ओढून दाराशी नेलं. स्वतःच्या कमाईतून एक छोटा टेबलफॅन आणला. तो गरम हवा फेकायचा, नुसती चुलीसारखी. मापं द्यायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, “अवं, घरात कूलर असून तू इथं काहून भाजून राहिली?” ती तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणायची, “मले कूलरनं सर्दी होते.” झोपायलाही ती स्वयंपाकघरात, ओली चादर अंगावर घेऊन. रडणं नाही, आदळआपट नाही. अमोलशी बोलणं भाजी, सिलिंडर आणि नूपुरची फी एवढ्यावर आलं. बायकांशी मात्र ती हसायची, आणि ते हसणं खोटंही नव्हतं. माणूस दुखावला म्हणजे सगळाच दुखावतो असं नाही. काही जागा शाबूत राहतात. ती त्या जागांवर राहत होती.

अमोलला कळत नव्हतं असं नाही. तो सकाळी उठून मला काठोकाठ भरायचा, मोटरला तेल घालायचा, झडपा पुसायचा. मी एवढा चकचकीत कधीच नव्हतो. एका रविवारी तर त्यानं हिरव्या रंगाचा डबा आणला आणि मला वरून खालपर्यंत रंगवून काढलं. स्वस्तिकावर दोन हात जास्त मारले. पुरुषांना काही बोलायचं असलं आणि जमत नसलं, की ते दुकानातून काहीतरी आणतात.

दामिनी दारात आली. “रंग कशाले मारला?”

“गंज चढला होता.”

“खरवडला होता का आधी?”

“नाही. वरून मारला. काही होत नाही.”

“बरं,” दामिनी म्हणाली आणि आत गेली.

मित्रांनो, माझं एक ऐका. घरातली कोणतीही लोखंडी वस्तू असो, गंजावर रंग मारू नका. आधी कानशीनं खरवडा, हात काळे होऊ द्या, मग रंग मारा. अमोलच्या रंगाला पंधरवड्यातच फुगे आले. मला ते खाजतात.

एकदा अंजनाबाई दामिनीजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “अवं, करून टाक माफ. मनात धरून कोठवर बसशील?”

“काकू, मी काही धरून नाही बसली,” दामिनी दोरा तोडत म्हणाली. “माह्याजवळ अजून कोणी मागाले आलंच नाही. मी काय हवेत देऊ?”

“सासऱ्यापुढं मान खाली घातली ना त्यानं.”

“मंग सासऱ्यानं देली असंन. त्याइचं त्याइच्यापाशी.”

अंजनाबाईंनी खाली पडलेले दोऱ्याचे तुकडे गोळा केले. मग त्यांनी विचारलं, “आता तू काय करतो म्हणते?”

“नूपुरची परीक्षा होऊ दे. मंग रामटेकले जातो. माह्या बाबानं तिकडं मशीन टाकून देतो म्हणलं. शाळाही आहे.” तिनं कापड उलटं केलं. “या खेपेस सुट्टीपुरती नाही जात, काकू.”

हे अंजनाबाईंनी अमोलला सांगितलं, अमोलनं फोन करून आईला सांगितलं, आणि म्हणून गोपिकाबाई भर मे महिन्यात एसटीत बसून वाडीला येऊन माझ्यापुढे माझी नालस्ती करत होत्या. त्या सुनेला थांबवायला आल्या होत्या. कसं थांबवायचं, ते त्यांना माहीत नव्हतं, कारण जे बोलायला पाहिजे ते बोलायला घरात बंदी होती. म्हणून त्या माझ्याबद्दल बोलायच्या. याचा आवाज मोठा, याचं पाणी गळते, याच्या हवेत दम नाही. सगळा दोष माझ्या डोक्यावर. मी पत्र्याचा असल्यामुळे सोसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दामिनी आणि नूपुरचं रामटेकला जायचं ठरलं होतं. पण नवतपा लागला होता, म्हणजे मेच्या शेवटचे ते दिवस, जेव्हा आमच्याकडे कावळेही बारानंतर उडत नाहीत. नूपुर मैत्रिणींचा निरोप घ्यायला टोपी न घालता उन्हात फिरली आणि आली ती भेलकांडतच. ऊन लागलं होतं. अंग तव्यासारखं, उलट्या. डॉक्टरांनी सलाईन लावलं, संध्याकाळी घरी पाठवलं आणि दामिनीला सांगितलं, “गार जागेत ठेवा. कूलर आहे ना घरी?”

“आहे,” दामिनी म्हणाली.

तिनं खाट ओढून माझ्यासमोर आणली. नूपुरला निजवलं, आणि तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत स्वतः काठावर बसली. मोसमभरात पहिल्यांदा ती माझ्या हवेत आली होती. मी खडखडू नये म्हणून किती जपलं, पण मोटरच तशी. माझ्या हवेनं तिच्या कपाळावरचे केस उडत होते आणि ती ते मागे सारत नव्हती. मला वाटलं, मी हिच्यासाठीच घेतला गेलो असतो तर किती बरं झालं असतं. पण वस्तूंना कोणी विचारत नाही, आणि त्या बैठकीवरून मला कळलं होतं, की बायकांनाही नेहमी विचारतात असं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नूपुरचा ताप उतरला. ती उठून बसली, पन्हं प्यायली, आणि अंजनाबाईंनी टरबूज कापलंय म्हटल्यावर त्यांच्याकडे खायला गेली. दामिनी मात्र खाटेवर तशीच बसून होती. फार थकली होती. अमोल कामावर गेला नव्हता. तो बाहेर उन्हात, खिडकीच्या पलीकडे, बादलीनं माझ्यात पाणी ओतत होता. म्हणजे आत दामिनी, बाहेर अमोल, आणि दोघांच्या मध्ये मी.

गोपिकाबाईंना वाटलं, हीच वेळ आहे. त्या सुनेच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “पाह्य, शेवटी बसलीच ना त्याच्या हवेत? असंच असते वं. हळूहळू सारं जिरून जाते. आता ते रामटेकचं काढून टाक डोक्यातून. तू माफ केलं त्याले, सारं गाव तुह्यं नाव घेते. मोठ्या मनाची आहे म्हणते गोपिकाची सून.”

दामिनीनं मान वळवली. “गावाले कोणी सांगितलं, आई?”

“काय?”

“का मी माफ केलं म्हणून?”

“अवं, आता ते काय सांगा लागते...”

“मी नाही केलं.”

हे तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं, आज भाजी नाही केली म्हणावं तसं. मग उठली आणि तिनं माझं बटण बंद केलं.

मित्रांनो, नवतप्यात दुपारी चालता कूलर बंद करणं म्हणजे काय, हे नागपूरच्या माणसालाच कळेल. पंखा घरघरत थांबला. ताट्यांतून दोन-चार थेंब पडले. आणि मग इतकी शांतता झाली, की बाहेरच्या अमोलचा श्वास आत ऐकू येऊ लागला. माझ्या आवाजाआड ही तीन माणसं किती लपून बसली होती, ते मलाही तेव्हाच समजलं.

“बंद काहून केला वं?” गोपिकाबाई म्हणाल्या. “जीव जाईन या उन्हात!”

“ऐकू येत नाही, आई.” दामिनी माझ्या झडपांपाशी आली. तिच्या बाजूनं झडपा, त्याच्या बाजूनं ओली ताटी. एकमेकांना ते दिसत नव्हते. “अहो,” तिनं हाक मारली. “हा कूलर कुठून आणला?”

बाहेर बादलीची कडी वाजली. “सांगितलं होतं ना. गोडावूनमधून.”

“त्याच्या आधी कुठं होता?”

अमोल भरलेली बादली तशीच धरून उन्हात उभा राहिला. त्याची सावलीसुद्धा पायाखाली गेली होती.

“अमोल, आत ये,” गोपिकाबाई म्हणाल्या. “डोक्यावर फडकं नाही अन् काही नाही. दामिनी, सोड ना आता. बाबानं काय सांगितलं होतं? तो विषय...”

“बाबाले नाही विचारून राहिली ते, आई,” बाहेरून अमोल म्हणाला. “मले विचारून राहिली.”

गोपिकाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि खाटेवर बसल्या. दामिनीनं झडपांना धरलं होतं. तिच्या बोटांचा ताण मला पत्र्यातून कळत होता. ती वाट पाहत होती, आणि या वेळी ती किती वेळ लागला तरी पाहणार होती.

अमोलनं बादली खाली ठेवली.

“पुष्पलतासाठी घेतला होता,” तो म्हणाला. “दत्तवाडीले. तिले सांगितलं, बायको गावाकडं राहते. तुले सांगितलं, गोडावूनमध्ये रातपाळी आहे. दोघीले फसवलं. दोन उन्हाळे मी तिथं याच्या हवेत निजलो. अन् तू इथं पोरीले घेऊन त्या फुटक्या कूलरपुढं होती.” तो थांबला. समोर बादलीत पाणी होतं, पण त्यानं ते तोंडाला लावलं नाही. “बैठकीत मी चुकी झाली म्हणलं. तसं नव्हतं ते. मले रोज माहीत होतं, का तू घामानं भिजून राहिली असशील. मले माहीत होतं, दामिनी, अन् तरी मी जात होतो.”

मित्रांनो, माफी तिनं दिली की नाही, ते तिचं तिच्यापाशी; पण मागणारा पहिल्यांदाच तिच्यापाशी आला होता.